कापूर वर्ज्य

“जीभ दाखव.”

झुलेखाने जीभ दाखवली. जाफरने तिला खिडकीशी नेऊन ती नीट पाहिली आणि मान डोलावली. “बरा. आता तहान कशी लागते, ता सांग.”

“लागते तशी लागते.”

“म्हंजे घोटघोट, का एकदम तांब्याभर?”

“अवो, मासळी करपंल. काय इचारायचा ता लवकर इचारा.”

जाफर चिडला नाही. रोग्यावर चिडायचं नाही, त्याच्या तोंडी उत्तर घालायचं नाही, तो बोलेल तेवढंच ऐकायचं, हे त्याने पाठ केलं होतं. कलकत्त्याच्या एका संस्थेचे होमिओपॅथीचे धडे पोस्टाने कुवेतला यायचे, आणि तिथल्या शर्क भागातल्या गुदामात दूध-पावडरचे डबे नि चहाच्या पेट्या मोजणारा हा माणूस दुपारच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन त्यांच्याशी झुंजायचा. इंग्रजी जेमतेम सातवीपर्यंतचं. एकेका पानाला नाकी नऊ यायचे. शेजारच्या खोलीतला इद्रीस त्याला येता-जाता चिडवायचा, “जाफरभाय, नीम हकीम खतरे जान! आमच्यावर हात साफ करू नको हां!” परीक्षेचे पेपरही पोस्टानेच आले. पुस्तक उघडणार नाही अशी शपथ घेऊन ते घरी सोडवायचे होते, तर या बहाद्दराने सगळी पुस्तकं गोणीत भरली आणि दिवसभरासाठी इद्रीसच्या खाटेखाली ठेवून दिली. इद्रीस म्हणाला, “अरे, कलकत्त्याहून कोण बघायला येतंय तुला?” जाफरला त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. असा तो सरळ.

मधल्या काळात रुपये जाऊन दिनार आले, कुवेत स्वतंत्र झालं. जाफरचे धडे चालूच होते. लोकांना वाटायचं, जोडधंद्याची सोय करतोय. करू देत बिचारा.

खरी गोष्ट वेगळीच होती. त्याला झुलेखाला रडवायचं होतं.

त्यांची पोरगी सईदा गावाला तापाने गेली. डॉक्टर खाडीपलीकडे, आणि ओहोटीला होडी चालेना. तार जाफरच्या हातात पडली तेव्हा दफन होऊन गेलं होतं. त्याने ती वाचली, खिशात ठेवली आणि ट्रकमधल्या उरलेल्या पेट्या उतरवून घेतल्या. पुढे झुलेखाला त्याने इकडे आणलं, कुवेतच्या बनेद अल-गार वस्तीतल्या या दोन खोल्यांत. ती रांधायची, नमाज पढायची, कुणाच्या लग्नाला बोलावलं तर जायची, विचारलं तर हो म्हणायची. पण पोरगी गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका मागून म्हणायच्या, दगड झालीय हो. ते जाफरच्या कानावर यायचं आणि त्याला फार लागायचं.

एका धड्यात त्याला औषध सापडलं. आत जिरलेल्या, बाहेर न आलेल्या दुःखावरचं. गुदामात उभ्या उभ्या त्याने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. स्वतः तोही रडला नव्हता, पण स्वतःला रोग्यांत मोजायचं त्याला सुचलं नाही. फक्त अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायचं नाही, रीतसर पास व्हायचं आणि पहिली पुडी झुलेखाला द्यायची, असं त्याने ठरवलं. सर्टिफिकेट आलं. मुंबईच्या बोटीने औषधांची पेटी आली. आणि आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस.

“रात्री झोप लागते?”

“लागते.”

“सपान पडता?”

“नाय पडत.”

एवढं पुरे होतं. त्याने बाटलीचं बूच काढलं आणि पथ्य सांगायला घेतलं. “कॉफी घ्यायची नाय. कच्चा कांदा नाय. अत्तर लावायचा नाय. आणि कापूर तं औषधाचा दुश्मन. पण तो आपल्याकडं कशाला असंल? आपल्यात काय आरती करतात?” तो स्वतःशीच हसला.

“हाय,” झुलेखा म्हणाली.

“काय हाय?”

“कापूर. माझ्या पेटीत हाय. सईदाच्या पाण्यातला उरल्याला.”

कसलं पाणी, हे त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. मयताच्या शेवटच्या आंघोळीला पाण्यात कापूर घालतात. इतक्या वर्षांत, सईदाला कुणी न्हाऊ घातलं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

“कोणी घातलीन आंघोळ?”

“मीच. बिल्कीस खाला पानी वतीत व्हती.”

तिने चूल मंद केली, आत जाऊन पेटी उघडली आणि फडक्याची एक गाठ आणून त्याच्यापुढे सोडली. आत कापूर नव्हता. चार मिरी होत्या.

“उडाला,” ती म्हणाली. “उडू नये म्हनून मिरी घातली व्हती. तरी उडाला.”

जाफरने फडकं नाकाशी धरलं. वास होता, आणि चांगलाच होता. पदार्थ सरतो, गुण उरतो, असं धड्यात होतं. तेव्हा त्याने ते पाठ केलं होतं. दफनाला हजर असलेल्या सगळ्या गावाला हा वास माहीत होता. बापाला आज कळला.

“टाकू काय?” झुलेखाने विचारलं. मासळीत मीठ घालू काय, अशा आवाजात. “औषध लागायला पायजे तं टाकते.”

तिने खरंच टाकलं असतं. आणि मग कदाचित ती रडली असती. जाफरने बाटलीकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. त्याला गलबलून आलं नाही. त्याने फडकं परत तिच्यापुढे ठेवलं.

“नको. र्‍हाऊ दे,” तो म्हणाला आणि बूच लावलं.

झुलेखाने मिरी पुन्हा गाठीत बांधली आणि ती मासळी उतरवायला गेली.

संध्याकाळी जाफर औषधांची पेटी छातीशी धरून इद्रीसच्या दारात उभा राहिला. “आजपासून दवाखाना तुझ्या खोलीत.”

“का रे बाबा? सर्टिफिकेट तुझं, आणि तुझ्या घरात काय झालं?”

“घरात कापूर हाय.”

इद्रीस खो खो हसला. “कापूर? मुसलमानाच्या घरात कापूर कशाला लागतो रे—”

तो बोलता बोलता थांबला. मग त्याने खाटेखालची आपली ट्रंक बाहेर ओढली, भिंतीशी नेऊन ठेवली, वरची धूळ हाताने पुसली आणि पेटीला जागा करून दिली.