दुधाच्या गाडीचा घोडा शिकारीला जातो

मित्रांनो, मी एक म्हातारा घोडा आहे. शर्यतीचा नाही, फौजेतलाही नाही, तर दुधाच्या गाडीचा. नाव सॉलोमन. पोट सुटलंय आणि गुडघे कुरकुरतात. तरी एकदा मी कोल्ह्याच्या शिकारीला गेलो होतो. हसायचं तर हसा, पण आधी पुरतं ऐकून घ्या.

माझा जन्म दूरच्या पाणथळ मुलखातला. तिकडे कोल्हा दिसला की शेतकरी काठी घेऊन धावायचा आणि विषय तिथेच मिटायचा. मग मला नेदरकोट गावच्या एमॉस टेबट या दूधवाल्याने घेतलं. बारा वर्षं मी त्याची गाडी ओढली. गल्लीत एकेचाळीस दारं होती. प्रत्येक दाराशी मी आपणहून थांबे. एमॉस लोकांना कौतुकाने सांगे, "धंदा हाच करतो हो, मी नुसता मापं भरतो."

पुढे मोटार आली. एमॉस माझ्या मानेला मिठी मारून रडला आणि त्याने कुत्रेखान्यात निरोप पाठवला. आमच्याकडे रीतच आहे तशी. काम संपलेला घोडा शिकारी कुत्र्यांच्या जेवणात जातो. कुत्रेखान्याचा गॅड्स्बी आला, त्याने माझ्या बरगड्या चाचपल्या आणि म्हणाला, "चाळीस कुत्र्यांना दोन दिवस आरामात पुरेल." माणूस वाईट नव्हता, पण माझी तर पाचावर धारण बसली.

नेमकी त्याच सकाळी शिकारीचे आणि त्या कुत्रेखान्याचे प्रमुख मेजर क्रॉपली यांच्या थोरल्या बहिणीची, मिस उर्सुलाची, घोडी लंगडायला लागली. बाई साठीच्या, अंगाने भरलेल्या आणि हट्टाला पक्क्या.

"चाळीस वर्षांत एक शिकार चुकवलेली नाही मी," त्या म्हणाल्या. "तो दुधाचा घोडा द्या मला."

"घे," मेजर म्हणाले. "धावला तर ठेव. नाही धावला तर गॅड्स्बी आहेच."

झालं! माझा जीव आता माझ्या चार पायांवर आला. खानावळीपुढे सगळे जमले होते. मेजरांचा कोट चांगला लालभडक, पण त्याला गुलाबीच म्हणायचं असतं म्हणे. माझ्या शेजारी ज्युनो नावाची उंच, नाक मुरडणारी घोडी उभी होती. मी तिला हळूच विचारलं, "किती कोल्हे धरायचेत?"

"एक."

मी मोजलं. चौतीस घोडे, चाळीस कुत्रे आणि माणसं वेगळीच. "इकडे कोल्हा रेड्याएवढा असतो का गं?"

"मांजरापेक्षा थोडा मोठा."

"मग खायला चविष्ट असेल."

"शी! काहीतरीच काय!"

"मग कोंबड्या वाचवायच्या असतील."

"छे रे! कोल्हे टिकावेत म्हणून तर मेजरांनी खास रान राखलंय. तिथली काटकी तोडायची सोय नाही. शिकारीच्या आदल्या रात्री मात्र बिळांची तोंडं बुजवतात, नाहीतर तो घरात जाऊन बसेल ना!"

"म्हणजे आधी त्याला घर द्यायचं, मग दार लिंपायचं आणि मग मागे लागायचं? कशासाठी?"

"तू दूधवाल्याकडचा," ती म्हणाली. "तुला नाही कळायचं."

शिंग वाजलं आणि सगळे उधळले. मीही जिवाच्या आकांताने धावलो. पहिल्या झुडपांच्या कुंपणावरून बाकीचे उडाले. मी त्यातून आरपार गेलो. बाईंच्या टोपीत अर्धं कुंपण आलं, पण आम्ही मेजरांच्या पाठोपाठ होतो. त्यांच्या पुढे मात्र कोणी जायचं नाही, असा तिथला दंडक. आता आपण वाचलो, असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात कोल्हा वळला आणि नेदरकोटच्या गल्लीत शिरला.

तिथेच घात झाला. दुधाचं पहिलं दार, मिसेस वॉडिंग्टनचं, आलं आणि माझे पाय थांबले. 'पळ, मेल्या, जीव जाईल!' मी स्वतःलाच बजावत होतो. पाय ऐकतील तर शपथ! बाई माझ्या मानेवर आदळल्या. गल्ली एका गाडीपुरती रुंद, त्यामुळे मागे तीस घोडे एकमेकांवर चढले. दार उघडलं. मिसेस वॉडिंग्टन भांडं घेऊन बाहेर आल्या.

"अगंबाई, आज दूध तुम्ही घालताय, बाईसाहेब?"

मी निघालो आणि पुढच्या दाराशी पुन्हा थांबलो. मग त्याच्या पुढच्या दाराशी. बाई टाचा मारत होत्या, पुढून मेजर ओरडत होते. सातव्या दारी ऑर्टन म्हातारीने गरम केकचा तुकडा वर केला. "इतकी वर्षं दारावरून चिखल उडवत जाता, बाईसाहेब. तोंड आज दिसलं तुमचं!" बाईंनी टाचा मारणं सोडलं आणि केक खाल्ला. मग त्या इतक्या हसल्या की माझी पाठ गदगदा हलली.

या गोंधळात कुत्र्यांचा माग चुकला आणि कोल्हा चर्चमागच्या शेतातून रमतगमत निघून गेला. मेजर परत आले ते कोटापेक्षा लाल होऊन.

"गॅड्स्बी! आत्ताच्या आत्ता ने याला!"

कुत्र्यांबरोबर आलेल्या गॅड्स्बीने माझा लगाम धरला. मित्रांनो, मरणाची भीती फार वाईट हो.

"बाईसाहेब, उतरता ना?" गॅड्स्बी म्हणाला.

"नाही."

"अगं उर्सुला, शिकार बुडवली त्याने!"

"ऑगस्टस, चाळीस वर्षं तुझ्यामागे धावतेय मी. कशासाठी, ते आज सांग. पटलं तर उतरते."

ज्युनोनेही कान टवकारले. मेजरांनी आपल्या घोड्याचा लगाम आवळला.

"कशासाठी म्हणजे... अगं, हिवाळ्यात माणसाने करायचं तरी काय?"

"केक खायचा," बाई म्हणाल्या. "गॅड्स्बी, सोड लगाम. चल सॉलोमन, अजून चौतीस दारं राहिलीत."

तेव्हापासून मी मिस उर्सुलांच्या तबेल्यात आहे. शिकारीच्या दिवशी आम्ही दोघं गल्लीत जातो. कुठे चहा मिळतो, कुठे नुसती चौकशी होते.

मित्रांनो, तुमच्याही घरी, गोठ्यात एखादा म्हातारा जीव असेल. तो भलत्याच जागी थांबला तर लगेच टाच मारू नका. जन्मभर तिथे थांबला म्हणून तर तुमचं दूध वेळेवर आलं. त्याला सांभाळा, आणि सांभाळाल तर त्याच्या सवयींसकट सांभाळा.