मागच्या खांबावरचा गुण्या

मी एक गुण्या बोलतोय. सांगणार आहे ते सगळं जसंच्या तसं घडलं, असं मात्र मी ठामपणे म्हणू शकत नाही. पुष्कळ वर्षं एका खिळ्याला लटकत राहिलं की पाहिलेलं, ऐकलेलं आणि मनात घोळवलेलं एकमेकांत मिसळतं. शिवाय ज्याच्या सरळपणावरच शंका घेतली गेली, त्याची आठवण तरी सरळ कशी मानावी?

शिसवाची मूठ, तिच्यातून निघालेली लोखंडी पट्टी आणि दोघांमध्ये काटकोन. सुताराला कोपरा काटकोनात आहे की नाही ते सांगायचं, एवढीच माझी विद्या. पेडगावच्या बाजूच्या एका गावात भुजंग सुताराच्या वडिलांनी मला घडवलं. त्यांच्यामागं मी भुजंगाकडं आलो. काम सुरू करण्याआधी तो मला कपाळाला लावायचा आणि संपल्यावर धोतराच्या सोग्यानं पुसायचा. बाकीची हत्यारं नुसती पेटीत टाकायचा. आपण त्याच्या खास विश्वासातले आहोत, असं मला वाटायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव आग लागली, तेव्हा आमच्या गावची बौद्ध वस्तीही जाळली गेली. मी पेटीत होतो. धूर पेटीतही आला.

त्या वस्तीतले किशनराव पूर्णेला रेल्वेत कामाला होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी जळक्या जागेवरच सागाच्या खांबांचं घर काढलं आणि भुजंगाला बोलावलं. गल्लीतल्या लोकांनी त्याला जाऊ नको म्हणून परोपरीनं सांगितलं. तो गेला.

पुढच्या दोन कोपऱ्यांवर मला टेकवून त्यानं मागं दोऱ्या ताणल्या आणि चारी कोपऱ्यांना तळखडे मांडले. तळखडे म्हणजे खांबांखालचे दगड. ते अजून चुन्यात बसवले नव्हते, नुसते मांडले होते. मग त्यानं समोरच्या मोकळ्या जागेत खांब आणि तुळया आडव्या ठेवून कापल्या, जोड जुळवून पाहिले, प्रत्येक जोडावर पटाशीनं खूण केली. पुढची आणि मागची तुळई एकाच मापाची होती. दगड माझ्या भरवशावर मांडलेले, म्हणून त्यानं मागची रुंदी वेगळी मापली नाही.

उभारणीला सगळी वस्ती जमली. पुढची तुळई खांबांवर अलगद बसली. मागची चार बोटं तोकडी पडली.

भुजंगानं कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी धरली. दोन्ही मापं सारखी आली. एखादा दगड सरकला असता तर ती सारखी आली नसती. मग त्यानं पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत दोरी ताणली आणि मला पुढच्या कोपऱ्यावर टेकवलं. माझी पट्टी आणि दोरी यांच्यात फट दिसली.

किशनरावांचे चुलतभाऊ आश्रुबा पुढं आले. "पाटलाच्या घरी तर समदं सरळ बसवितोस. आमच्या दारात आल्यावरच हात वाकडा झाला व्हय?"

भुजंगानं मान खाली घातली. "हात न्हाई वाकडा, दादा. गुण्या खोटा निघाला."

मला तपासणं सोपं आहे. फळीच्या सरळ कडेला मूठ टेकवून एक रेघ मारायची, मग मला उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी मारायची. दोन्ही एकमेकींवर पडल्या तर मी खरा. भुजंगाला हे ठाऊक होतं. त्यानं ते केलं नाही. मी खरा निघालो असतो तर खोट त्याच्या हातात निघाली असती, आणि त्या दारात ते त्याला सोसणारं नव्हतं. निदान मी तरी असं समजतो.

मागच्या तुळईला त्यानं तुकडा सांधला, मला मागच्या खांबाच्या खिळ्याला अडकवलं आणि तो निघून गेला. न्यायला आलाच नाही. वस्तीनं त्याला पुन्हा काम दिलं नाही. त्याच्या गल्लीतले लोक विचारायचे, "गेला व्हतास ना? ठेवून घेतलं का त्यांनी?" हे आश्रुबांनीच एकदा घरात सांगितलं. तेव्हा त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

माझ्यावर कधी टॉवेल टांगला जायचा, कधी पिशवी. पाहुणा आला की आधी तुळईच्या जोडाकडं बघायचा, मग माझ्याकडं. समोरच्या चौकटीचा कोपरा मी दिवसभर नजरेनं मापायचो. तो मला सरळ दिसायचा, आणि म्हणूनच मला त्याची शंका यायची. माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं. किशनरावांच्या आई, चांगुणाबाई, तेवढ्या मला अधूनमधून पदरानं पुसायच्या. पुसताना त्या वर तुळईकडं कधीच बघत नसत. मला ते उशिरा उमगलं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याची बातमी आली. वस्तीत साखर वाटली गेली. भुजंग रस्त्यानं चालला होता. चांगुणाबाईंनी त्याला हाक मारून आत घेतलं आणि हातावर साखर ठेवली. त्याचे केस पिकले होते. तो माझ्याकडं न बघता बसला.

"भुजंगा," त्या म्हणाल्या, "मागले दगड म्या सरकवले व्हते. पहारीनं. दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं."

"का, मावशी?"

"घर गायमुखी असावं म्हन्त्यात, पुढून अरुंद अन् मागून रुंद. एकडाव जळालं व्हतं ना, बाबा. भ्याव वाटलं. किशनला असलं पटत न्हाई, म्हनून त्याला इचारलं न्हाई. लाकूड काय, ठोकून बसवत्याल, असं वाटलं. मंग तुझ्यावर आलं, अन् माझं तोंडच उघडंना."

दोन्ही दगड सारखेच बाहेर गेले होते. म्हणून तिरकी मापं सारखी आली होती. भुजंगानं साखर तोंडात टाकली आणि हात धोतराच्या सोग्याला पुसले.

"पेन्सिल हाय का घरात?" त्यानं विचारलं.

वाचकहो, माझं मागणं लहान आहे. कोणाला वाकडा ठरवून खिळ्याला अडकवण्याआधी त्याला एकदा उलटा करून पाहा.

भुजंगानं मला काढलं, कपाळाला लावलं, पाटाच्या कडेला टेकवलं. एक रेघ मारली. मला उलटं केलं आणि दुसरी मारली. चांगुणाबाई वाकून बघू लागल्या.

पाटावर एकच रेघ होती.