बिडावर पाणी

काकासाहेबांचा स्वतःचा ऊस आधीच गाळून झाला होता, म्हणून त्यांचा चरक तडकला तेव्हा त्यांनी फार धीर धरला. बाजेवर बसून त्यांनी पान लावलं आणि नंदाबाईला सांगितलं, आता आठ दिवस थांबा.

नंदाबाईचा तीन गाड्या ऊस तोडून पडला होता. तोडलेला ऊस दुसऱ्या दिवशी सुकतो, तिसऱ्या दिवशी आंबायला लागतो. आंबट रसाचा गूळ बसत नाही, नुसता चिकटा होतो. तिचं सगळं वर्ष त्या तीन गाड्यांत होतं. नवरा पुंजाराम पायावर कुऱ्हाड बसून घरी पडलेला. दोन बायका हाताशी घेऊन तिनंच ऊस तोडला, तिनंच वाहिला, आणि गाळपाची पाळी आली त्याच दिवशी चरक तडकला.

पोलीस ॲक्शनला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. आमचं गाव घनसावंगीच्या खाली, गोदेच्या काठाला. गावात चरक एकच, काकासाहेबांचा. त्याची मधली लाट, म्हणजे उसाला दाबणारा मोठा रूळ, तिच्या माथ्यावर बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, टोपडं होतं. बैलांनी ओढायचं लांब लाकूड त्यात बसायचं. ते टोपडं वरपासून खालपर्यंत उभं चिरलं होतं.

काकासाहेब वर्षातून एकदा जालन्याला जायचे आणि येताना एखादा शब्द घेऊन यायचे. त्या साली त्यांनी 'येल्डिंग' आणला होता.

"हे येल्डिंगचं काम हाय," ते म्हणाले. "जालन्यालाच न्यावं लागतं. घरी जोडायला ते काय लुगडं हाय, ठिगळ लावायला?"

आम्ही सगळे हसलो. मालकांच्या बोलण्यावर हसणं हे आमच्या गावचं बारमाही पीक. दुष्काळातसुद्धा ते कधी बुडालं नाही.

नंदाबाई हसली नाही. ती तशीच उठून रखमाजी लोहाराकडं गेली. मीही मागं गेलो. मदतीला नाही, गंमत बघायला.

"दादा," ती म्हणाली, "गाडीच्या चाकाला धाव चढवता, तशी त्या टोपड्याला चढवता येईन का?"

धाव म्हणजे चाकावरचं लोखंडी कडं. ते चाकापेक्षा जरा कमी मापाचं करतात आणि गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात. तापलं की ते फुगतं, चाकावर उतरतं, आणि निवताना असं आवळतं की चाक मोडेल पण धाव सुटणार नाही. ना खिळा, ना सांधा.

रखमाजीनं भाता थांबवला. "येईन. पण मालकाचा चरक हाय. फुटला तं?"

"फुटलेलाच हाय की. आणखी फुटला तं माझं नाव सांगा."

रखमाजी कमी बोलणारा माणूस, आणि त्या गावात हातानं विचार करणारा तेवढा एकच. त्यानं सुतळीनं टोपड्याचा घेर घेतला. जुन्या मोडक्या गाडीची धाव तोडली, वाकवली, दोन्ही टोकं चेपून एकावर एक घेतली आणि तीन रिबिटा ठोकल्या. "लाकूड दबतं," तो म्हणाला. "चाकाला बोटभर कमी चालतं. बीड बिलकुल दबत न्हाई. ह्याला जोंधळ्याचा एक दाणा कमी. बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चरकापाशी गोवऱ्या पेटल्या. पौषाचे दिवस, नदीवरून धुकं आलेलं. फुकटची शेकोटी म्हणून सारं गाव जमलं. काकासाहेबही आले. काम आदल्या दिवशी त्यांना हसण्यासारखं होतं. आता होतंय असं दिसल्यावर ते हुकूम सोडायला लागले.

कडं लाल झालं. रखमाजीनं आणि मी सांडशीनं उचललं, टोपड्यावर धरलं, रखमाजीनं चार घाव घातले आणि ते सरकन खाली बसलं.

"पाणी," काकासाहेब म्हणाले. "जल्दी."

त्यात चुकीचं कुणालाच काही वाटलं नाही. धाव चढली की पाणी ओतायचं, ही आमच्या बापजाद्यांची रीत. पाच जण भरल्या घागरी घेऊन उभेच होते. मी सांडशी टाकून एक घागर घेतली आणि उचललीसुद्धा.

नंदाबाईनं ती माझ्या हातातून ओढली आणि मातीत उपडी केली.

"भावजी, बीड हाय ते."

"बाईमाणसाला काय कळतं लोखंडातलं?" काकासाहेब म्हणाले. "वता रे पाणी."

"मालक, चाकावर पाणी लाकूड जळू नये म्हणून वततात. हितं लाकूड कुठं हाय?" ती चरकाला पाठ लावून उभी राहिली. "तुमच्या घरी बिडाचा तवा असंनच. तापल्यावर त्याच्यावर तांब्याभर पाणी वतून बघा, आन् मंग मला शिकवा."

तिच्या मागं उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तापल्या तव्यावर पाणी पडलं की तो चिरतो, आणि मग सासूची बोलणी खावी लागतात, हे त्यातल्या प्रत्येकीला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. जन्मभर त्या तव्यावरची भाकरी खाऊन एकाही पुरुषाला ते माहीत नव्हतं. एकट्या रखमाजीनं मान खाली घातली. त्याच्याही हातात घागर होती.

हळूहळू निवावं म्हणून नंदाबाईनं कड्याभोवती गरम राख लावली आणि निवेपर्यंत तिथंच बसली. दुपारी राख झाडली, तर चिरेत नख शिरेना. तिसऱ्या प्रहरी बैल जुंपले. रस आंबला नव्हता, गूळ बसला. तो हंगाम साऱ्या गावाचा ऊस त्याच कड्यावर निघाला.

काकासाहेबांना मात्र ते कडं डोळ्यांत सलत होतं. उन्हाळ्यात त्यांनी ते छिन्नीनं तोडून टाकलं आणि टोपडं जालन्याला नेलं. बीड आहे, जोड टिकेल असा भरवसा देत नाही, असं तिथला कारागीर म्हणाला होता. पण मालकांना येल्डिंग पाहिजे होती. टोपडं चकचकीत होऊन आलं. पुढच्या पौषात पहिल्याच दिवशी त्याची दोन भकलं झाली. त्या दिवशी तोडून पडलेला ऊस काकासाहेबांचा स्वतःचा होता, सात गाड्या. नंदाबाईनं त्या साली कापूस लावला होता. रखमाजी मंठ्याकडं लेकीच्या गावाला गेला होता.

काकासाहेबांनी मला नंदाबाईकडं धाडलं. म्हणाले, तिला सहज विचार, म्हणावं पुढं काय करायचं.

ती चुलीपुढं बसली होती. ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मालकाला म्हणावं, आधी भाकरी भाजायला शिका."

मालकांचे निरोप मी जन्मभर नेले आणि आणले, आणि वाटेत नेहमी मऊ केले. हा तेवढा चार माणसांत, जसाच्या तसा सांगितला.