मापाचा कोट

लेकीने मर्जीविरुद्ध लग्न ठरवलं, म्हणून चामड्याचे कोट शिवणाऱ्या बापाने तिला घराबाहेर काढलं. दारात मात्र त्याने तिच्या अंगावर नवाकोरा कोट चढवला.

"आदाम-हव्वेला बागेतून हाकलताना देवानंसुद्धा त्यांना चामड्याचे कपडे घातले होते. मी काय कसाई आहे?"

बाप विरघळला, असं तिला वाटलं. मग बाहीच्या केसाळ कातड्यावर ओळखीचा पांढरा ठिपका दिसला. तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली शेळी महिन्यापूर्वी हरवली होती. म्हणजे आपल्याला हाकलायचं त्याचं तेव्हाच ठरलं होतं.

"बाबा, ही..."

"तीच. तुझ्यामागे तिचं कोण करणार? हात वर कर बघू. काखेत आवळतंय?"

कोट त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला, पण बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. तिने हात वर केले.