कार्बनवरची खरखर

शालू मॅडमनी पिकलबॉलच्या तिसऱ्या बॅटीवरून, म्हणजे पॅडलवरून, बोट फिरवलं आणि त्या थांबल्या. पुन्हा एकदा फिरवलं. मग पॅडल उजेडाकडे धरून त्यांनी विचारलं, "चाचा, हे कुणी घासलंय?"

सिराजोद्दीन काउंटरमागे स्टुलावर बसले होते. जुन्या जालन्यातल्या या खेळाच्या सामानाच्या दुकानात त्यांची चाळीस वर्षं कॅरम बोर्ड गुळगुळीत करण्यात गेली होती. पालथा हात लाकडावरून नेला की कुठं कण अडकतोय ते त्यांना डोळे मिटून कळे. बोर्डावर सिराजचाचांचा हात फिरलाय म्हटलं की जिल्ह्यातले खेळणारे दुसरं काही विचारत नसत. मिरवावं असं त्यांच्याकडे एवढंच होतं, आणि तेवढ्यावर गडी खूश होता.

टेनिससारखा, पण छोट्या कोर्टवर खेळायचा पिकलबॉल जालन्यात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. शाळेत खेळ शिकवणाऱ्या शालू मॅडम उद्या राज्याच्या संघाच्या निवडीला निघाल्या होत्या. काल त्यांनी आपली तीन पॅडल आणून दिली होती. एक फायबरग्लासचं, एक ग्रॅफाइटचं आणि एक नवंकोरं कार्बनचं. मुठींना पट्टी गुंडाळायची, एवढंच काम. पण हात फिरवून न बघतील तर ते सिराजोद्दीन कसले? फायबरग्लास बरं वाटलं. ग्रॅफाइट तर फारच छान. कार्बनचं मात्र बारीक वाळू चिकटल्यासारखं हाताला लागलं. एवढी महागाची वस्तू आणि फिनिशिंगच्या नावानं बोंब, असं पुटपुटत त्यांनी झिरो नंबरचा पॉलिश पेपर काढला, तासभर घासलं आणि कॅरमची पावडर टाकून फडक्यानं पुसलं. कुणी न सांगता केलेलं काम होतं, म्हणून ते त्यांना जास्तच आवडलं होतं.

"मालच तसा आल्ता, मॅडम," दुकानाचे मालक तातेराव मध्येच म्हणाले. "कंपनीवाले आजकाल काहीबी पाठवून राह्यले."

सिराजोद्दीन उठून उभे राहिले. "न्हाई मालक. मी घासलं. खरखर लागली, म्हणून साफ केलं."

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बॉल घेऊन दुकानाशेजारच्या भिंतीपाशी गेल्या.

"या इकडं, चाचा."

फायबरग्लासनं मारलेला बॉल जोरात उसळून आला. "हे जोराचं." ग्रॅफाइटचा बेतानं आला. "हे हलकं. बॉल हवा तिथं ठेवता येतो." मग त्यांनी कार्बननं बॉलला खालून वर निसटता फटका दिला. बॉल सरळ गेला, सरळच परत आला.

"हा फिरायला पाहिजे होता," त्या म्हणाल्या. "ती खरखरच बॉलला धरती. त्याच्यासाठीच घेतलं होतं मी हे."

"मंग जाडा पेपर मारला तर? पुन्हा येईल ना खरखर?"

"न्हाई येत, चाचा."

सिराजोद्दीनना लाज वाटली. आयुष्यभर जे काढून टाकलं, तेच कुणाला हवं असू शकतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"ग्रॅफाइटवर खेळते उद्या. हात बसलाय माझा त्याच्यावर," मॅडम म्हणाल्या. त्या आपली समजूत काढताहेत, हे सिराजोद्दीनना कळलं.

मॅडमची निवड झाली नाही. चार दिवसांनी तशी बातमी दुकानात आली. सिराजोद्दीनना कुणी बोल लावला नाही. त्या दिवशी त्यांनी डबा मात्र न उघडता घरी नेला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी दुकानातूनच मागवलेलं नवं कार्बनचं पॅडल आलं. तातेरावांनी खोकं फोडलं आणि नेहमीच्या सवयीनं पॅडल चाचांपुढे सरकवलं. सिराजोद्दीननी दोन्ही हात मागे घेतले.

"तुम्हीच बघा, मालक."

तातेरावांनी बिचकत त्यावर तळवा फिरवला. "मला काय कळतं यातलं? बराबर हाय का न्हाई, तुम्हीच सांगा."

"हाताला खरखर लागती का?"

"लागती की."

"मंग बराबर हाय," सिराजोद्दीन म्हणाले, आणि पॅडलला हात न लावता त्यांनी पट्टीचं रीळ मालकांच्या हातात दिलं.