एंजलचं भाषण

एंजल लहानपणापासून बोलताना अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर जिभेवर अडकून बसायचं, मान ताणली जायची आणि मग सगळं वाक्य एकदम बाहेर पडायचं. तिचा बाप शांतवन राहुरीजवळच्या एका गावातून दुधाचा टेम्पो चालवायचा. आठवीतल्या पोरीनं सव्वीस जानेवारीच्या भाषणासाठी आपणहून नाव दिलं, तेव्हा तिच्यापेक्षा त्यालाच जास्त धास्ती वाटली.

झेंडावंदनाला तो दूध घालून तसाच मैदानावर आला. एंजल उभी राहिली आणि 'प्रजासत्ताक' या शब्दावर अडकली. 'प्र... प्र... प्र...' पोरं खुसखुसली. पण ती खाली बसली नाही. शब्द पार केला, भाषण शेवटाला नेलं. टाळ्या पडल्या. शांतवननं खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

सरांनी काढलेला व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर आला. त्यांनी तो कौतुकानंच टाकला होता. त्यातला 'प्र... प्र...'चा तेवढा तुकडा एंजलच्या वर्गातल्या अंगदनं कापला, त्याला ढोलकीचा ठेका लावला आणि रील करून सोडून दिला.

आठवडाभरात गावातली बारकी पोरंसुद्धा एंजलला बघून ठेका धरायला लागली. शांतवन तडक अंगदच्या घरी गेला. अंगदचा बाप रामहरी शरमेनं पाणी पाणी झाला.

"शांतवनभाऊ, तुमी म्हनाल ती शिक्षा देतो ह्याला," रामहरी म्हणाला.

"शिक्षा नको. ते काढायला लावा फक्त."

अंगद रडवेला झाला होता. "काका, मी कवाच काढलं. पन आता ते माझ्याकडं न्हाईच." त्यानं मोबाईल पुढं केला. तोच तुकडा, पण कुठं एंजलच्या तोंडी शेळीचा आवाज, कुठं मागं लग्नाचा बँड. खाली कोल्हापूरची, जालन्याची, कुठली कुठली माणसं हसत होती. अंगद बोटानं वर सरकवत होता आणि ते संपत नव्हतं.

मुख्याध्यापक म्हणाले, "पोरं आहेत, विसरतील." पोलिसांनी अर्ज घेतला, नीट ऐकूनही घेतलं. "पण एक बंद केलं की दुसरं उघडतं, दादा," असं त्यातला एक जण खरं तेच बोलला.

मग शांतवन स्वतःच मागं लागला. कॅन उतरवून झाले की टेम्पोत बसून तो एकेक व्हिडिओ शोधायचा, रिपोर्टचं बटण दाबायचा. जितका शोधायचा, तितका मोबाईल त्याला तेच आणून दाखवायचा. शेवटी न शोधताच, स्क्रीन उघडली की आपली पोर मान ताणून उभी. एकदा त्यानं मोबाईल डॅशबोर्डवर आपटला. काच तडकली, पण ठेका वाजतच राहिला.

एंजलनं बोलणं सोडलं. आधी शाळेत, मग चर्चमध्ये, मग घरातही. पाणी हवं असलं तर माठाकडं बोट दाखवायची. तिची आई कृपा रोज तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, पण शेवटचं 'आमेन'सुद्धा एंजलच्या तोंडून यायचं नाही.

"हिला जेनिफरकडं ठिवू," कृपा एक दिवस म्हणाली. जेनिफर म्हणजे तिची संगमनेरची बहीण. "तिथं कोन वळखतंय हिला?"

शांतवनला ते पटलं. नवा गणवेश शिवला, दाखला काढला. संगमनेरच्या शाळेत वर्गाच्या दारापर्यंत तो स्वतः सोडायला गेला. बाईंनी प्रेमानं तिला आत घेतलं, पहिल्या बाकावर जागा करून दिली. शेजारची मुलगी एंजलच्या चेहऱ्याकडं बघत राहिली आणि एकदम खुलली.

"अगं, तू तीच ना? प्र-प्र वाली? आमच्या घरी सगळ्यांना लई आवडते तुझी रील! सुट्टीत सेल्फी काढू?"

तिच्या बोलण्यात कसलाच खोडसाळपणा नव्हता. शांतवन दारातच होता. त्याला तिच्यावर रागावताही येईना.

एंजल उठली. दप्तर उचललं, बापाच्या अंगावरून सरळ बाहेर गेली आणि टेम्पोत जाऊन बसली.

प्रवरेच्या पुलाआधी गर्दीत टेम्पो थांबला. तेवढ्यात एंजल बोलली. कित्येक दिवसांत तिचा आवाज त्याच्या कानावर पडला नव्हता.

"पप्पा, जिथं मो... मोबाईल न्हाई, तिथं मला ने."

शांतवननं आपलं गाव आठवलं. कृपाचं माहेर आठवलं. ऊसतोडीला जाणाऱ्या पाहुण्यांचं, पार पाथर्डीकडचं गाव आठवलं. तिथं प्यायला पाणी टँकरनं यायचं, पण मोबाईल घरोघरी होता.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. एंजल त्याच्याकडं बघत होती. त्यानं गिअर टाकला आणि समोरचा रस्ता जिकडं जात होता तिकडं टेम्पो काढला.