काकासाहेबांच्या मशीनमधली खोट

घोडेगावात शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो, आणि त्या दिवशी म्हशीशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करणारा माणूस गावात सापडणं अवघड. अशा गावात, हमरस्त्याला लागून, सत्त्याण्णव साली प्रज्ञानं कॉम्प्युटरचं दुकान काढलं. नगरला डिप्लोमा केलेली मुलगी. नगरहूनच सुटे भाग आणायची आणि स्वतः बसून मशीन जोडायची. दुकानात यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. भिंतीवर तिनं ठळक अक्षरात पाटी लावली होती : ‘कॉम्प्युटर हे ज्ञानाचे साधन आहे. येथे गेम खेळू नयेत.’

लोक चपला काढून आत येत. हात पाठीमागं बांधून पडद्याकडं बघत. हार्ड डिस्क म्हणजे काय, मेमरी कशाला लागते, पगाराचे हिशेब कसे होतात, हे प्रज्ञा घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. ते सगळं मन लावून ऐकत, “लई भारी हाय,” म्हणत आणि चपला घालून म्हशी बघायला निघून जात. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका पतसंस्थेनं तेवढं एक मशीन नेलं. त्याला नारळ फोडला, हार घातला आणि वर भरतकाम केलेलं कव्हर टाकलं. ते कव्हर पुन्हा निघाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

प्रज्ञाचे वडील रंभाजी बाजारातले जुने दलाल. आवाज असा, की या टोकाला बोलले तर त्या टोकाचा बैल कान टवकारी. एका शुक्रवारी एका जाफराबादी म्हशीनं त्यांना अशी लाथ घातली की पाय प्लास्टरमध्ये गेला. घरात बसून बसून त्यांनी बायकोचं, छबूबाईचं, डोकं खाल्लं.

“ह्यान्ला दुकानात ने ग बाई,” छबूबाई लेकीला म्हणाली. “घरात बसून माझ्या भाकरीचा घेर मोजत्यात.”

म्हणून रंभाजी दुकानात खुर्चीवर पाय लांब करून बसू लागले. लेकीचं बोलणं ऐकत, गिऱ्हाईक परत जाताना बघत आणि मनात चडफडत. त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. नवीन मशीन जोडलं की प्रज्ञा ते तपासायला गाडीच्या शर्यतीचा एक गेम लावायची. डोंगरातला नागमोडी रस्ता, लाल मोटार, एका बाजूला कडा. चित्र नीट येतं का, आवाज नीट येतो का, एवढं बघायची आणि कुणी यायच्या आत बंद करून टाकायची. कोणत्या चित्रावर बाण नेऊन ती बटण दाबते, हे रंभाजींनी पक्कं ध्यानात ठेवलं.

एके दिवशी ती सामान आणायला नगरला गेली. “आबा, कशाला हात लावू नका,” असं बजावून गेली. दुपारी परत आली तर दुकानाच्या दारात लग्नघरासारखा चपलांचा ढीग. आत माणसं दाटीवाटीनं उभी, मध्ये रंभाजी, आणि पडद्यावर लाल मोटार कड्यावरून खाली चाललेली. भिंतीवरच्या पाटीवर त्यांचा टॉवेल वाळत घातला होता.

गर्दी पांगवल्यावर प्रज्ञा म्हणाली, “आबा, मी दोन वर्षं शिकले ती काय लोकांना खेळणी दाखवायला?”

“मंग काय दाखवती तू? जनावर खुंट्याला बांधायचं आन् शेजारी हुबं राहून त्याचं गुण सांगायचं. कोन घेईल? पळवून दाखवावं लागतं.”

“हे जनावर नाही.”

“म्हनूनच विकलं जाईना.”

प्रज्ञाला रडूच यायचं बाकी होतं. तिला हे दुकान म्हणजे काहीतरी मोठं वाटायचं. घरातली पहिली डिप्लोमावाली ती. लोकांनी तिच्याकडं शिकायला यावं, विचारायला यावं, असं तिच्या मनात होतं. आणि इथं लोक आले ते मोटार दरीत पडताना बघायला. ती दोन दिवस वडिलांशी धड बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी काकासाहेब आले. सोनई रस्त्याला त्यांचा मोठा मळा, कालव्याखालचा ऊस, दारात जीप. भावकीतल्या कुणाकडं तरी कॉम्प्युटर आल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ते त्यांना सोसवत नव्हतं. प्रज्ञानं हार्ड डिस्कपासून सुरुवात केली. काकासाहेबांनी पहिली जांभई दाबली, दुसरी दाबता आली नाही. तेव्हा रंभाजींनी लेकीकडं न बघता प्लास्टरचा पाय बाजूला केला आणि गेम लावून दिला.

“बसा काकासाहेब. ह्या चार कळा. ही फुडं, ही मागं, ह्या दोन वळायच्या. बघा कशी पळती.”

काकासाहेब बसले. पहिल्याच वळणावर दरीत गेले. पुन्हा बसले, पुन्हा दरीत. जीपमधला ड्रायव्हर दोनदा येऊन डोकावून गेला, तरी ते हलेनात. शेवटी घाम पुसत उठले आणि एकदम गंभीर चेहरा करून म्हणाले, “घेऊन टाकू एक. पोरांच्या शिक्षनाला लागतंच आजकाल.”

“कितवीला आहेत मुलं?” प्रज्ञानं विचारलं.

“दोघंबी पुन्याला हायेत. नोकरीला.”

प्रज्ञानं छापील दरपत्रक पुढं केलं. तिकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. रंभाजींनी पाटीवरचा टॉवेल ओढला, काकासाहेबांच्या हातावर टाकला, आणि बाजारात जनावराचा भाव गुपचूप ठरवतात तशी दोघांची टॉवेलाखाली बोटाबोटी सुरू झाली. काय ठरलं ते प्रज्ञाला कळलं नाही. पण हात बाहेर काढले तेव्हा दोघांचेही चेहरे लुबाडल्यासारखे झाले होते. “म्हंजी सौदा बराबर झाला,” रंभाजींनी नंतर तिला सांगितलं.

महिनाभरानं, ऐन बाजाराच्या शुक्रवारी, काकासाहेबांची जीप दुकानासमोर करकचून थांबली. ड्रायव्हरनं मशीन उतरवलं. पडदा गोधडीत गुंडाळलेला होता. काकासाहेब चपला न काढताच आत आले.

“ह्यात खोट हाय.”

प्रज्ञानं झाकण उघडलं, तारा तपासल्या, मशीन सुरू केलं. सगळं व्यवस्थित. “काय होतंय नक्की? बंद पडतंय का?”

“न्हाई.”

“चित्र हलतंय?”

“न्हाई.” काकासाहेबांनी दाराकडं पाहिलं. बाजारातले दोघे-तिघे घुटमळत होते. त्यांनी रंभाजींच्या कानाशी तोंड नेलं. पण काकासाहेबांचं कुजबुजणंसुद्धा कालव्यापलीकडं ऐकू जाईल असं. “मी पळवली का गाडी दरीत जाती. आमच्या घरच्यांनी पळवली का जात न्हाई. रोजचं झालंय. मशीन बाईमानसाची बाजू घेतंय.”

रंभाजींनी मान डोलावली. “आसतं आसं. काही म्हशी बी फकस्त बाईमानसालाच धार देत्यात.”

“आबा!” प्रज्ञा म्हणाली. मग काकासाहेबांना म्हणाली, “मशीनला कोण बसलंय ते कळत नाही, काका. तुम्ही वळणावर ब्रेक मारता ना?”

“ब्रेक?” काकासाहेब खरोखरच चकित झाले. “शर्यत हाय ना ती? शर्यतीत ब्रेक कशाला मारू?”

प्रज्ञानं ओठ घट्ट मिटले. “काकू कुठं आहेत?”

काकू जीपमध्येच होत्या. पुष्पावतीबाई. वाटेत खड्ड्यांनी पडद्याला दणका बसू नये म्हणून त्यांनी तो सोनईपासून मांडीवर धरून आणला होता. कधी पुरुषांच्या गर्दीत न शिरलेली बाई. प्रज्ञा बाहेर जाऊन त्यांना घेऊन आली. त्यांनी दारात चपला काढल्या, नवऱ्याच्या पायांतल्या चपलांकडं एकदा बघितलं, आणि काकासाहेबांनीही मुकाट्यानं आपल्या काढल्या.

“काकू, जरा खेळून दाखवता? मशीन तपासायचंय.”

“हितं? एवढ्या मानसांत?”

“तपासन्यापुरतं,” रंभाजी म्हणाले. “डॉक्टरम्होरं कसली लाज?”

पुष्पावतीबाईंनी पदर खोचला, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि बसल्या. मोटार निघाली. पहिलं वळण आलं तशी त्यांनी बोट उचललं, मोटार जरा सुस्तावली, अलगद वळली आणि पुन्हा सुसाट सुटली. दुसरं वळण, बोगदा, कड्याची अरुंद वाट. खिडकीत एक डोकं होतं त्याची पाच झाली, मग मोजायची सोय राहिली नाही. “आगं आगं आगं, कडा!” बाहेरून कोणीतरी ओरडलं. पुष्पावतीबाईंच्या पापणीचा केसही हलला नाही. मोटार रेषेपार गेली, पडद्यावर पहिला नंबर झळकला आणि बाजारकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. एका शेतकऱ्यानं नुकतीच घेतलेली कालवड या नादात हातातून सोडली होती. ती दुकानामागं मशीनचा रिकामा खोका निवांत चघळताना सापडली.

“कसं जमतं काकू?” प्रज्ञानं विचारलं. तिलाही या मोटारीचा एवढा वेग कधी जमला नव्हता.

“वळनावर सोडायचं आसतं,” पुष्पावतीबाई हळूच म्हणाल्या. “ह्यान्ला सोडता येत न्हाई. कशातच.”

माणसं हसली. काकासाहेबांचे कान लाल झाले. आता ते तणतणत निघून जाणार, मशीन परत घ्या म्हणणार, असं प्रज्ञाला वाटलं. पण काकासाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“ब्रेकाची कळ कुठली?”

बायको मागं उभी, नवरा खुर्चीवर. “सोडा,” पुष्पावतीबाई म्हणायच्या. “सोडा म्हनते ना! हां. आता दाबा.” काकासाहेब इतक्या माणसांदेखत बायकोचं ऐकत होते आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं. शेवटून दुसरे आले, पण दरीत न जाता आले. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखा झाला होता.

“मशीन चांगलं हाय,” त्यांनी जाहीर केलं. “आनखी एक द्या. एकावर दोघांचं भागत न्हाई.”

“नवं माझ्याकडं,” पुष्पावतीबाई म्हणाल्या.

त्या दिवसानंतर प्रज्ञाचं दुकान चालू लागलं. स्टँडजवळ एकानं टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं आणि कॉम्प्युटरचे दिवस भरले म्हणून गावभर सांगत फिरला. प्रज्ञाही धास्तावली होती. पण झालं उलटंच. तिकडं खेळून चटक लागलेले लोक इकडं येत. ‘शिक्षणासाठी’ मशीन घेत. दरवेळी नवा गेम निघे, तो जुन्या मशीनवर चालत नसे, मग कुणाला मेमरी वाढवून हवी, कुणाला आवाजाचं कार्ड. प्रज्ञाची नगरची फेरी आठवड्याला ठरलेली. रंभाजींचा पाय बरा झाला, तरी ते बाजारातून वेळ काढून दुकानात येत आणि “पेंटियम जातीचं हाय, खान्यापिन्याचा तरास न्हाई,” असं गिऱ्हाइकाला सांगत. प्रज्ञा त्यांना आता अडवत नसे. ते गेल्यावर त्याच गिऱ्हाइकाला ती हळूच पत्र कसं लिहायचं तेवढं शिकवून देई.

पुष्पावतीबाई दर शुक्रवारी येऊ लागल्या. काकासाहेब बैल बघत फिरत, या प्रज्ञाशेजारी स्टूल ओढून बसत. एकदा त्यांनी विचारलं, “ताई, ह्यो रस्ता कोनी केला?”

“कुठला?”

“गेममधला. डोंगर, बोगदा. कोनीतरी बसून केलाच आसंल ना? का आपोआप हुतो?”

“माणसंच करतात, काकू.”

“मंग आपल्याला करता येतो का?”

दुकान काढल्यापासून लोकांनी प्रज्ञाला मशीनची किंमत विचारली होती, वॉरंटी विचारली होती, सोबत फुकट काय मिळतं ते विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. “मलाही नाही माहीत,” ती म्हणाली. “बघू या.”

गेमच्या सीडीत रस्ते आखायची सोय होती. प्रज्ञानं ती कधी उघडून पाहिली नव्हती. दोघी त्यातच रमल्या. चुकत-माकत, इंग्रजी सूचनांचा प्रज्ञा लावेल तो अर्थ लावत, काही शुक्रवार गेल्यावर एक रस्ता उभा राहिला. मारुतीचं देऊळ म्हणून एक चौकोनी घर, उसाचा फड म्हणून हिरवी पट्टी, मध्ये निळा कालवा, त्यावर पूल. रस्ता काकासाहेबांच्या मळ्याचा. फ्लॉपीवर घालून पुष्पावतीबाईंनी तो घरी नेला.

काकासाहेब हरखून गेले. हा रस्ता त्यांच्या पायाखालचा. इथं तरी बायको आपल्याला हरवणार नाही, याची त्यांना खात्री होती. त्यांनी पाहुण्यांना बोलावून समोर बसवलं, देवळाजवळचं वळण ब्रेक मारून झोकात घेतलं, उसाच्या कडेनं मोटार सुसाट सोडली आणि ते थेट कालव्यात गेले.

“आगं,” ते ओरडले, “हितं पूल हुता ना काल?”

“हुता,” चहाचे कप मांडत पुष्पावतीबाई म्हणाल्या. “सकाळी काढला मी.”